अर्ध्या तासाची झोप

साडेतीन महिन्यांच्या लशीला बाळ घेऊन आलेल्या आयांच्या गप्पांत वजन आणि दूध यांच्या पाठोपाठ झोपेचा विषय निघतोच. ‘दिवसा झोपतच नाही हो,’ अशी सुरुवात होते. खोदून विचारलं तर कळतं की झोपतं, दिवसातून चार-पाच वेळा झोपतं. पण अर्ध्या-पाऊण तासात डोळे टक्क उघडतं. तेवढ्या वेळात बाळुती वाळत घालून होत नाहीत, भाकऱ्या थापून होत नाहीत आणि आईची पाठ तर जमिनीला टेकतच नाही. मग सासूबाई जायफळ सुचवतात, शेजारीण दृष्ट काढायला सांगते, मोबाइल ‘वेक विंडो’ नावाचं कोष्टक दाखवतो आणि औषधाच्या दुकानातून एखादी बाटली घरात येते. यांतलं खरं कोणतं, निरुपयोगी कोणतं आणि धोक्याचं कोणतं, हे एकदा एकत्र तपासायला हवं.

खोपोलीच्या शिळफाट्यावर या तक्रारीत रस्त्याचीही भर पडते. (हा खालापूर तालुक्यातला शिळफाटा. मुंब्र्याजवळ दुसरा आहे. ट्रकांच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं करता येणार नाही.) जुन्या मुंबई–पुणे महामार्गावर बोरघाट चढायला निघालेल्या आणि घाट उतरून आलेल्या गाड्यांची इथे अष्टौप्रहर वर्दळ असते. आसपास कारखाने आहेत, त्यांत पाळ्या चालतात. म्हणजे एका खोलीच्या घरात रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी दहाला झोपायला बघतो आणि त्याच खोलीत बाळ तिसऱ्यांदा जागं होतं. पाश्चात्त्य पुस्तकांतली बाळाची वेगळी, अंधारी, निवांत खोली इथे नाही, आणि सल्ला मात्र बहुतेक वेळा त्या खोलीसाठी लिहिलेला असतो.

आधी झोप तुटते कशी ते पाहू. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवलं की झोपेत एक टप्पा असा येतो, ज्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. या शोधाची सुरुवात झाली होती ती झोपलेल्या तान्ह्या बाळांचे डोळे तासन्‌तास न्याहाळण्यातून. १९५५ मध्ये दोघांनी बाळांवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यात निघालं की तान्ह्या मुलाच्या झोपेत चळवळ आणि शांतता यांचं एक चक्र असतं आणि ते तासाभराच्या आतच पुरं होतं. मोठ्या माणसाचं चक्र साधारण दीड तासाचं. प्रत्येक चक्राच्या शेवटी झोप पातळ होते. आपणही तिथे कूस बदलतो, चादर ओढतो आणि पुन्हा बुडतो. सकाळी त्याची आठवणही राहत नाही. बाळाला हा सांधा अजून जुळवता येत नाही. अर्ध्या तासाने किंवा चाळीस-पन्नास मिनिटांनी ते जागं होतं, ते बहुतेकदा याच सांध्यावर.

नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप त्या चळवळ्या प्रकारची असते. त्यात ते हसतं, ओठ मुडपतं, कण्हतं, हात झाडतं, एखादा हुंदकाही देतं. आपल्याकडे याला सटवाई हसवते-रडवते म्हणायची पद्धत आहे, आणि त्या समजुतीचा एक फायदा होता: सटवाईचं काम चालू असताना बाळाला कुणी उचलत नसे. आता मात्र पहिल्या कुरकुरीला बाळ खांद्यावर येतं, दिवा लागतो, लंगोट तपासला जातो आणि जे झोपेतच होतं ते खरोखर जागं होतं. दिवसाची झोप वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे की डोळे मिटलेले असताना होणारी चुळबुळ दोन-तीन मिनिटं नुसती पाहावी. रडू चढत गेलं तर घ्यावंच. पण निम्म्या वेळा ते पुन्हा लागतं, असं चार मुलं वाढवलेली कुठलीही आजी सांगेल.

मग रात्री हेच बाळ सलग तीन-चार तास कसं झोपतं? कारण झोपेवर दोन जोर काम करतात. एक म्हणजे जागेपणी साठत जाणारी झोपेची गरज, आणि दुसरा म्हणजे शरीरातलं दिवस-रात्रीचं घड्याळ. हे घड्याळ जन्मतः लागलेलं नसतं. दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान हळूहळू लागतं. अंधार पडल्यावर वाढणारं मेलाटोनिन बाळाच्या स्वतःच्या शरीरात नियमाने तयार होऊ लागतं तेही याच सुमारास. तोवर थोडंफार आईच्या रात्रीच्या दुधातून मिळतं. रात्री दोन्ही जोर एका दिशेला ओढतात. दिवसा घड्याळ ‘जाग’ म्हणत असतं आणि झोपेची गरज दोन तासांचीच साठलेली असते. म्हणून रात्रीची झोप आधी सलग होते, दिवसाची नंतर. साडेतीन-चार महिन्यांचं बाळ दिवसा अर्धा तास झोपतं, यात बिघाड काही नाही. साधारण पाच-सहा महिन्यांपासून सकाळची आणि दुपारची झोप आपसूक लांबायला लागते. मार्क वाइसब्लुथ यांनी १९९५ मध्ये १७२ मुलांच्या दिवसाच्या झोपेचा वर्षानुवर्षांचा हिशेब मांडला. त्यात सहाव्या महिन्यात दोन-तीन झोपा, वर्षाच्या आत दोन आणि पुढे दीड वर्षाच्या आसपास एकच, असा उतार दिसतो. कुणी काही केलं नाही तरी तो दिसतो.

‘किती झोपायला हवं’ याचे आकडे सगळीकडे सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेले असे: तीन महिन्यांपर्यंत दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांत १२ ते १६, एक-दोन वर्षांत ११ ते १४. यांतला १२ आणि १६ यांच्यातला फरक पुन्हा वाचावा. चार तास! शेजारच्या घरातलं बाळ सोळा तास झोपतं आणि आपलं बारा, तरी दोघंही ठीक असू शकतात. झुरिकमध्ये ४९३ मुलांना जन्मापासून सोळा वर्षांपर्यंत पाहिलेल्या अभ्यासात (२००३) सहा महिन्यांच्या बाळांची सरासरी १४.२ तास निघाली, पण त्यांच्यातलं कमी-जास्तही जवळजवळ दोन तासांचं होतं. आणि हे सगळे आकडे चोवीस तासांचे आहेत. एकेक डुलकी किती मिनिटांची हवी, याचा कुणीही मान्य केलेला आकडा नाही.

छोटी झोप ‘वाया जाते’ हा दुसरा समज. २०१५ मध्ये जर्मनीत सबीने झेहागेन आणि सहकाऱ्यांनी सहा आणि बारा महिन्यांच्या २१६ बाळांना एका बाहुलीबरोबर करायच्या साध्या कृती दाखवल्या. त्यानंतर चार तासांच्या आत निदान अर्धा तास झोपलेल्या बाळांना त्या कृती आठवल्या. न झोपलेल्यांना नाही. त्यांनी अट घातली होती ती अर्ध्या तासाची. म्हणजे ज्या झोपेला आपण ‘नावाला झोपलं’ म्हणतो तेवढ्यावर बाळाची आठवण पक्की होत असते.

तर मग लांब झोप हवी आहे ती कुणाला? माझ्या मते या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. बाळाची गरज बहुधा भागलेली असते; भागत नाही ती आईची. हे सरळ बोललं जात नाही म्हणून बाळाच्या झोपेला आजार ठरवलं जातं आणि त्यावर औषध शोधलं जातं. मुंबईला याचा जुना आणि दुःखद अनुभव आहे. गिरणीत जाणाऱ्या बायका चाळीत ठेवलेल्या तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत, म्हणजे पाळी संपेपर्यंत ती निपचित पडून राहत. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीतल्या बायांची पाहणी केली, तेव्हा अफू न दिलेलं बाळ हाच अपवाद असल्याचं त्यांना आढळलं. त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांना बाळाची आठ-दहा तासांची झोप हवी होती, कारण तेवढ्या तासांची मजुरी होती. या प्रश्नावरचा खरा उपाय औषधात नव्हता, कायद्यात होता. प्रसूतीच्या पगारी रजेचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आलं तेव्हा १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा.

आजच्या कायद्याचा हिशेबही झोपेच्या बाजूने करून पाहण्यासारखा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यांतले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ज्या बाईने ते घेतले, तिच्या हातात नंतर १८ उरतात. म्हणजे बाळ चार महिन्यांचं होतं आणि ती कामावर हजर होते. दिवसाची झोप नेमकी सर्वांत तुकड्यातुकड्यांची असते तेव्हाच बाळ आजीच्या किंवा सांभाळणाऱ्या बाईच्या ताब्यात जातं. आणखी आठ आठवड्यांनी परिस्थिती आपोआप सोपी झाली असती. अर्थात हा हिशेब पक्क्या नोकरीतल्या बाईचा. फाट्यावरच्या हॉटेलात भांडी घासणारी, कर्जतच्या फार्महाऊसवर साफसफाईला जाणारी, दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर निघालेली कातकरी बाई, यांना कुठलीच रजा नाही. भट्टीवर बाळ बांबूच्या तिकाटण्याला बांधलेल्या झोळीत असतं आणि आईचं अर्धं लक्ष मातीवर, अर्धं झोळीवर. तिने बाळाच्या झोपेचं वेळापत्रक पाळावं असं म्हणणाऱ्याने आधी भट्टी पाहून यावी.

आता घरगुती उपायांकडे. यांतला सर्वांत चांगला म्हणजे तेल लावून न्हाऊ घालणं. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये २००० साली अगरवाल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. सव्वाशे बाळांचे गट करून वेगवेगळी तेलं चार आठवडे लावली होती. मालिश झालेल्या बाळांची त्यानंतरची झोप लांबली. तिळाच्या तेलाच्या गटात तर सर्वांत चांगला परिणाम दिसला. न्हाऊ-माखू घातलेलं बाळ सकाळी दीड-दोन तास गाढ झोपतं, हे मराठी घराला ठाऊकच होतं. फक्त न्हाऊ घालणाऱ्या बाईचा हात जड नको, नाकात-कानात तेल नको, आणि पाय ताणून उलटंसुलटं करणं नको. दिवसातली एकच झोप लांब करायची असेल तर ती न्हाणीनंतरची निवडावी आणि घरातली कामं तिच्याभोवती बसवावीत. दिवसभराच्या चारही झोपा लांबवायच्या मागे लागलं की पदरी नुसती चिडचिड येते.

न्हाणीनंतरची धुरी मात्र सोडून द्यावी. शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, धूप टाकून बंद खोलीत बाळाला शेकायचं आणि ते गुंगून झोपलं की समाधान मानायचं, हा प्रकार पावसाळ्यात या भागात फार चालतो. बाळुतीही त्याच धगीवर वाळत असतात. निखाऱ्याचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड तान्ह्या फुप्फुसांना घातक आहे. बाळुती वाळवायची अडचण खरी आहे, पण मग शेगडी एका खोलीत आणि बाळ दुसऱ्या खोलीत, निदान पडवीत तरी.

झोळीचं तसं नाही. झोळीने झोप लांबते, आणि त्यामागचं कारणही कळण्यासारखं आहे. पहिल्या चार-पाच महिन्यांत बाळ झोपेत एकदम दचकतं, दोन्ही हात फेकतं आणि स्वतःच्याच हातांनी जागं होतं. झोळीचं कापड ते हात अंगाशी धरून ठेवतं, आणि जरा हललं की झोळीच झोका देते. त्या पातळ सांध्यावर बाळाला जो हात हवा असतो तो झोळी देते. पण धोकेही झोळीच्या घडणीतच आहेत. अगदी तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. पालथं पडू लागलेलं बाळ बाहेर कलंडतं, आणि मोठी मुलं दोरी-साडीशी खेळताना गळ्याला फास बसल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून झोळी बांधायची तर जमिनीपासून हातभरच उंच, तळ शक्य तितका सपाट, तोंडावर कापड नाही, मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात, आणि बाळ कुशीवर वळायला लागल्याच्या दिवशी झोळी उतरवायची. अमेरिकेत उतरते, डुलणारे तयार पाळणे २०१९ मध्ये बाजारातून परत घ्यावे लागले आणि २०२२ मध्ये त्यांच्यावर कायद्याने बंदी आली. झोळी सर्रास वाईट आणि विकतचा पाळणा सर्रास चांगला, असं म्हणायला जागा नाही.

दुपट्यात गुंडाळण्याचंही गणित हेच. हात गुंडाळावेत, पाय नाहीत. पाय सरळ करून घट्ट बांधले तर खुब्याचा सांधा नीट घडत नाही. बेडकासारखे पाय दुमडता येतील इतकी ढील खाली हवी. बाळ वळायला लागलं की गुंडाळणं बंद. आणि झोपवायचं ते नेहमी उताणं. पालथं बाळ जास्त वेळ झोपतं, हे खरं आहे. पण पालथ्या झोपेत अचानक मृत्यूचा धोका कितीतरी पट जास्त, हे कळल्यावर ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा काढल्या आणि असे मृत्यू झपाट्याने घटले. ‘पोटावर टाका, दोन तास झोपेल’ हा सल्ला कितीही प्रेमाने आला तरी नको. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीही झोपेत काढून ठेवावी. नाकावर येणारं झबलं-टोपडंही.

पोटात जाणाऱ्या उपायांबद्दल मात्र मी मवाळ होणार नाही. बाळगुटीत जायफळाचे वळसे वाढवले की बाळ जास्त झोपतं, कारण जायफळातल्या द्रव्यांचा मेंदूवर परिणाम होतो. वाढीव वळशांची मात्रा कुणी मोजत नाही आणि तान्ह्यांना जायफळाची विषबाधा झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. सहाणेवर उगाळून, न उकळलेल्या पाण्यात कालवून, मधाच्या बोटाने चाटवलेली गुटी म्हणजे जुलाबाला आमंत्रण. वर्षाच्या आत मध तर बॉट्युलिझम या विषबाधेच्या भीतीने निषिद्धच. ग्राइप वॉटर १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने काढलं तेव्हा त्यात मद्यार्क होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या बाळं त्याने शांत होत आली त्यामागे हेही एक कारण होतं. आताच्या बाटल्यांतून तो गेला, त्याबरोबर बाटलीचा झोपेशी असलेला संबंधही गेला. सर्दीचं औषध झोपेसाठी देणं हा त्याहून घातक प्रकार. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला. आपल्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये, असं बाटलीवर छापायला लावलं. बाळगोळीतली अफू गेली, पण बाळ गप्प करणारी बाटली अजून कपाटात आहे.

‘पोट भरलं की झोपेल’ म्हणून चौथ्या महिन्यात नाचणीसत्त्व सुरू करणारेही खूप. या समजाला थोडासा आधार आहे. ब्रिटनमध्ये १३०३ बाळांवर झालेल्या एका प्रयोगात (२०१८) तीन महिन्यांपासून वरचं अन्न दिलेली बाळं रात्री सरासरीने जास्त झोपली. किती जास्त? फरक सर्वांत मोठा होता तेव्हा सतरा मिनिटांच्याही आत. तोही रात्रीचा. त्यासाठी सहा महिने फक्त अंगावरचं दूध हा नियम मोडण्यात शहाणपण दिसत नाही, विशेषतः जिथे पाणी पावसाळ्यात गढूळ येतं.

आता प्रयोगशाळेतून आलेल्या उपायांकडे वळू. त्यांतला मला सर्वांत उपयोगी वाटलेला जपानचा. बाळ खांद्यावर गाढ झोपतं आणि गादीवर ठेवताक्षणी जागं होतं, हा जगभरचा अनुभव आहे. रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये २१ बाळांच्या हृदयाचे ठोके मोजत हा क्षण पकडला. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं न थांबता चाललं की रडं थांबतं आणि जवळजवळ निम्मी बाळं झोपतात. पण लगेच खाली ठेवलं तर तिसरा हिस्सा पुन्हा जागी होतात. गंमत अशी की ती जागी होतात पाठ गादीला टेकल्यामुळे नव्हे, तर पोट आपल्या अंगापासून सुटल्यामुळे. त्यावर त्यांचा तोडगा: झोपल्यानंतर पाच ते आठ मिनिटं बाळाला तसंच धरून नुसतं बसावं, झोप खोल जाऊ द्यावी, मग ठेवावं. ठेवताना आपली छाती शेवटी सुटेल अशा बेताने वाकावं, हे माझं त्यावरचं पुरवणी मत. पायावर घेऊन हलवत झोपवणाऱ्या आज्या बाळ झोपल्यावरही बराच वेळ पाय हलवत बसतात, ते उगाच नाही.

आवाजाचा प्रश्न शिळफाट्याला टाळता येत नाही. एकसुरी आवाजाने बाळं झोपतात याचा पुरावा भक्कम आहे. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये ४० नवजातांपैकी ज्यांना असा आवाज ऐकवला त्यांतली ८० टक्के पाच मिनिटांत झोपली. न ऐकवलेल्यांतली २५ टक्के. मात्र २०१४ मध्ये टोरंटोच्या डॉक्टरांनी बाजारातली १४ यंत्रं तपासली तेव्हा पूर्ण आवाजात, हातभर अंतरावर, ती सगळीच रुग्णालयातल्या बाळांसाठी मानलेल्या ५० डेसिबलच्या मर्यादेबाहेर निघाली. महामार्गाचा सततचा घोंगाट बाळ पचवतं. जपानमध्ये ओसाकाच्या विमानतळाशेजारच्या बाळांवरच्या अभ्यासात दिसलं होतं की ज्यांच्या आया गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांपासून तिथे राहत होत्या ती बाळं विमानांच्या आवाजाने फारशी उठत नसत. त्रास देतो तो अचानकचा आवाज: एअर हॉर्न, ब्रेकची किंकाळी, दारापुढची रिव्हर्स घेणारी गाडी, कुकरची शिट्टी. त्याच्यावर उतारा शांततेचा नाही, कारण ती मिळणारच नाही. उतारा साध्या पंख्याचा. पंख्याची घरघर मधल्या आवाजांची धार बोथट करते. शिवाय बाळाला रस्त्याकडच्या भिंतीपासून मागच्या भिंतीकडे हलवलं तरी फरक पडतो.

पंख्याला घरातून विरोध होतो: वारा लागेल, सर्दी होईल. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली झोपलेलं बाळ अर्ध्या तासात उठतं ते घामाने, सवयीने नव्हे. मानेमागे हात लावून पाहावा. ओलसर असेल तर एक कपडा कमी. कॅलिफोर्नियातल्या २००८ च्या एका अभ्यासात तर खोलीत पंखा असलेल्या बाळांमध्ये झोपेतल्या अचानक मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं होतं. अंगावर थेट झोत नको, एवढीच काळजी. दिवसा खिडकीला जाडसर जुनी साडी लावून उजेड कमी करणंही चार महिन्यांनंतर उपयोगी पडतं. त्याआधी बाळाला अंधार-उजेडाचं सोयरसुतक कमीच.

मग उरतं ते वेळेचं शास्त्र आणि ‘सवय लावणं’. दीड तास जागं ठेवा, पावणेदोन तासांनी झोपवा, अशी ‘वेक विंडो’ची कोष्टकं म्हणजे अनुभवाचे ठोकताळे आहेत. त्यांना प्रयोगाचा आधार नाही. त्यांतला गाभा घ्यावा: जांभई, कान ओढणं, नजर हरवणं दिसताच झोपवायला घ्यावं, रडेपर्यंत थांबू नये. रडवून सवय लावण्याच्या पद्धतीचा खूप गाजावाजा झाला तो रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ च्या पुस्तकापासून. तिच्यावर चांगले अभ्यास झालेत. मेलबर्नमधल्या अशा एका अभ्यासातल्या मुलांना पाच वर्षांनी पुन्हा तपासलं (२०१२) तेव्हा ना नुकसान दिसलं ना टिकाऊ फायदा. अॅडलेडच्या २०१६ च्या प्रयोगात ४३ बाळं होती, सर्वांत लहान सहा महिन्यांचं. पण हे सगळं रात्रीच्या झोपेबद्दल आहे. चार महिन्यांच्या बाळाची दुपारची डुलकी रडवून लांबते, याला म्हणण्यासारखा पुरावा नाही. आणि ज्या घरात आई, बाळ, आजी एकाच अंथरुणावर झोपतात तिथे ‘स्वतःचं स्वतः झोपायला शिकवणं’ ही गरज घराची नसून पुस्तकाची आहे. २०१० मध्ये सतरा देश-प्रदेशांतल्या २९ हजारांवर मुलांची तुलना झाली, तीत भारतही होता. आशियाई मुलं उशिरा झोपतात, आईबापांजवळ झोपतात आणि एकूण कमी झोपतात, असं त्यात निघालं. कमी झोपेत जवळ झोपण्यापेक्षा उशिरा झोपण्याचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं. आठनंतर टीव्ही आणि मोठा दिवा बंद करणं फाट्यावरच्या घरातही जमू शकतं.

एक उपाय प्रयोगात सिद्ध झालेला नाही, तरी करून पाहण्याजोगा. बाळ रोज पस्तिसाव्या मिनिटाला उठत असेल तर तिसाव्या मिनिटाला शेजारी जाऊन बसावं आणि पहिली हालचाल होताच छातीवर हात ठेवून हळूहळू थोपटावं. सांधा पार झाला तर दुसरं चक्र मिळतं. नाही झाला तर उचलावं, ती झोप संपली असं समजावं आणि पुढच्या झोपेकडे पाहावं. पाऊण तास हलवून अर्ध्या तासाची झोप मिळवणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

डॉक्टरांकडे जायचं ते कधी? वजन वाढत नसेल, झोपेत घोरणं किंवा श्वास अडखळणं असेल, प्रत्येक पाजण्यानंतर कमान करून रडत असेल, किंवा आधी नीट झोपणारं बाळ ताप येऊन एकदम झोप सोडत असेल, तेव्हा. दात येतायत म्हणून सगळं त्यांच्यावर ढकलू नये. आणि सहा महिन्यांनंतरही झोप तुटकच राहिली तर एक गोष्ट आवर्जून विचारावी, जी क्वचितच विचारली जाते: रक्तातलं लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. नेपाळ आणि झांझिबारमधल्या बाळांना लोह दिल्यावर त्यांची झोप लांबल्याचं आयांनी सांगितलं, असे अभ्यास आहेत. सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं औषध सरकारकडून फुकट मिळतं. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, त्या वेळी बाटली मागून घ्यावी. शी काळी होते म्हणून ती अर्ध्यात सोडू नये.

राहता राहिली दिवसाची जागा. अंगणवाडीत बसायला मूल घेतात ते तीन वर्षांचं झाल्यावर. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला तिथून घरी न्यायचा शिधा मिळतो, झोपायला जागा नाही. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं, असं २०१७ पासून कायदा म्हणतो. एकेका हॉटेलात, एकेका भट्टीवर, एकेका फार्महाऊसवर पन्नास माणसं नसतात, पण फाट्याच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत ती कितीतरी पट आहेत. त्यांच्यात मिळून एक पाळणाघर, मागच्या बाजूला, पंखा आणि एक खमकी आजी असलेलं, नगरपालिका आणि कारखाने यांना महाग पडू नये. तिथे बाळ अर्ध्या तासाने उठलं तरी आईचं काम थांबणार नाही.